आपोआप तापणारा बंब

हं, टाळ थांबवा जरा. मृदुंगमहाराज, तुम्हीही हात झाडा. पुढच्या आख्यानाला ताल तुमच्या हसण्याचा लागणार आहे. आणि हसता हसता कुणी मध्येच गप्प झालं, तर मी समजेन, बाण बरोबर ठिकाणी लागला!

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका. भरवशाची वस्तू कुठली?

सांगा की! अहो फेटेवाले, तुम्ही सांगा. नाही? बरं, मी सांगतो. जिच्याकडे बघावं लागत नाही, ती! कुलूप भरवशाचं — म्हणजे लावल्यावर ओढून बघायला नको. पंप भरवशाचा — म्हणजे बटण दाबलं की पाणी. विहिरीत वाकून बघायला नको. पटलं?

पटलं! मग आता दुसरा प्रश्न. भरवशाचं माणूस कुठलं?

...का हो? गप्प का? ज्याच्याकडे बघावं लागत नाही, ते? असंच म्हणायचंय ना तुम्हाला? म्हणा, म्हणा! घरी गेल्यावर बघू!

तर ह्याच घोटाळ्याची गोष्ट. गाव गारखिंड. घाट चढून गेलं की डोंगराच्या माथ्यावर. नावातच गार! दिवाळी सरली की तिथे धुकं असं उतरतं, की शेजारी शेजाऱ्याला आवाजावरून ओळखतो. सकाळी गार पाण्यात हात घातला, तर बाहेर काढून मोजून घ्यावा लागतो — बोटं सगळी आली का!

ह्या गावात राहायच्या द्वारकाकाकू सपकाळ. अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि डोळ्यात एक मिश्किल झाक — ती झाक सगळ्यांना दिसायची, फक्त एका माणसाला सोडून. तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान. निवृत्तीअण्णा! नाव निवृत्ती, पण नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या एकूण एक गोष्टीत प्रवृत्ती! एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कोण? खिडकीत बसून गाडी का आली नाही ते सांगणारे साहेब!

"अहो साहेब, गाडी येईल का?"

"येईल."

"कधी?"

"आली की कळेल!"

असे अण्णा. माणूस वाईट नव्हे हो! मनानं मोठा, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. पण एक होतं. अण्णांच्या घरात सगळं आपोआप व्हायचं.

आता त्यांच्या घरातला बंब. नव्या पोरांसाठी सांगतो — बंब म्हणजे तांब्याचा पोटफुग्या भाऊ! मध्ये नळकांडं, नळकांड्यात लाकडाचा जाळ, भोवती पाणी, आणि पोटाला तोटी. गॅस नव्हता, वीज नव्हती, तेव्हापासूनचा. हा बंब काकूंच्या माहेरून आलेला. न्हाणीशेजारच्या मागच्या खोलीत बसलेला. पाणी तापवायचा तो तर तापवायचाच, वर ती खोलीही तापवायचा. थंडीत सगळं घर त्याच खोलीत. चहा तिथे, पेपर तिथे, पाहुणे तिथे.

आणि पाहुणा आला, की अण्णांचं सुरू!

"हा बंब बघा! माझ्या लग्नातला. आजवर एक सकाळ चुकला नाही! डेपोत माझ्या हाताखालून एवढ्या गाड्या गेल्या, पण ह्याच्याइतकी भरवशाची एक नव्हती. मी उठतो, तोटी सोडतो, कडकडीत पाणी!"

पाहुणा म्हणायचा, "वा वा!" बंबाच्या पोटावरून हात फिरवायचा. आणि मागे काकू, हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या. बंबाचं कौतुक संपलं की चहा द्यायचा, म्हणून थांबलेल्या!

कारण मंडळी, त्या बंबाला रोज पहाटे जाळ कोण घालायचं? तारे मावळायच्या आत उठायचं, दवानं ओली झालेली लाकडं आत आणायची, ढलप्या रचायच्या, फुंकणीनं फुंकायचं. ओलं लाकूड जळतं कुठे? आधी नुसतं रडतं. धूर कोंडायचा खोलीत. खिडकी लावलेली, कारण खोली गरम राहायला हवी — अण्णा उठायचे असतात! काकू पदर नाकाला लावून खोकत खोकत फुंकायच्या. मग जाळ धरायचा, धूर विरायचा, पाणी तापायचं, आणि मग सूर्यनारायणाबरोबर अण्णा प्रकट व्हायचे.

आणि आपण वेगळं काय करतो? सूर्य उगवला, म्हणतो. कसा उगवला? आपोआप! कुणी पेटवला, एकदा तरी विचारलंत? ज्यानं पेटवला तो बिचारा रोज वाट बघतो — आज विचारतील, आज विचारतील... आपण आपला टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत!

असो. पुढे चला.

एका हिवाळ्यात काकूंचा खोकला काही जाईना. तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी छातीला नळी लावली, कपाळाला आठी घातली.

"काकू, छातीत शिट्टी वाजतेय. विडी ओढता का?"

काकू म्हणाल्या, "मी नाही हो ओढत. बंब ओढतो, मी नुसती शेजारी बसते!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, धूर बंद. औषध देते, पण रोजच्या धुरापुढे औषधाचं काही चालत नाही. ही थंडी निघेल. पुढची अवघड जाईल."

काकू घरी आल्या. अण्णा बंबाशेजारी पेपर वाचत होते.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"धूर बंद करा म्हणाल्या."

"मग करू की! पेटवताना खिडकी उघडी ठेवत जा."

"खिडकी उघडली, तर थंडी आत येते."

"मग लावून घेत जा!"

झालं! निकाल लागला! पेपर परत वर! आणि वर पेपरामागून आवाज — "आणि बंबाजवळ बसत जा गं जरा. खोकल्याला ऊब चांगली!"

काकू वळल्या. स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंचं ते 'पुढची अवघड जाईल' कानातून जाईना. भांडावं म्हटलं, तर दम पुरत नव्हता. रडावं म्हटलं, तर धुरानं रडून रडून डोळे आधीच कोरडे! मग एखादी बाई भांडू शकत नाही, रडू शकत नाही, तेव्हा काय करते? ...बायकांना माहीत आहे, बघा कशा हसतायत!

ती खोडी करते!

योग असा आला, की त्याच आठवड्यात बंबाची तोटी गळायला लागली. टिप टिप टिप. केशव तांबट घाटावर कल्हई करत फिरत होता, त्याला काकूंनी बोलावलं. केशवनं तोटी फिरवली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "एवढंच? आत्ता कथलाचा डाग देऊन भोक बुजवतो, काकू. पुढं नातवंडं न्हातील ह्यात."

काकूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अण्णा चावडीवर. हळूच म्हणाल्या, "केशव, हा दुरुस्त नाही झाला तर?"

"होतोय की!"

"अरे, होतोय ते कळलं. पण नाही झाला तर?"

केशवचे हात थांबले. "काकू, मला खोटं बोलायला लावता का?"

"छे, छे! तुझा धंदा आहे, देवाधर्माचं माणूस तू. खोटं कशाला? तू बोलूच नकोस. हे आले, की नुसती मान हलव."

तेवढ्यात अण्णा आलेच! "काय रे केशव? होईल ना नीट?"

केशवनं बंबाकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. एक खोल, लांब उसासा टाकला. आणि मान हलवली. आता ती आडवी हलवली, उभी हलवली की गोल फिरवली, हे त्या विश्वेश्वरालाच ठाऊक! पण उसासा ऐकून अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. अगदी माणूस गेल्यासारखी!

"गेला?" अण्णा म्हणाले.

केशवनं परत मान हलवली. आणि घाईघाईनं भाता उचलून निघाला.

काकू आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. त्यांचा हिशोब सोपा होता: जुना गेला, आता नवा घ्यावा लागेल, नवा घ्यायचा तर हे विचारतील — 'तुला कसला हवा?' मग सांगू, बिनधुराचा!

मंडळी, काकूंचा सगळा डाव बरोबर होता. एकच चूक. 'हे विचारतील' असं धरून चालल्या!

अण्णा निघाले मोहिमेवर. "बंब घेईन तर भरवशाचाच!" प्रत्येक बंबाची अशी चौकशी सुरू केली, जशी नव्या ड्रायव्हरची करावी. वेळेवर सुटतो का? चढावर दम टाकतो का? मध्येच प्रवाशांना उतरवून ठेवत नाही ना?

सरपंचांकडे विजेचा गिझर. अण्णांनी विचारलं, "वीज गेली, की?"

सरपंच म्हणाले, "वीज गेली, की मी अंघोळीला जात नाही."

"आणि आठवडाभर गेली तर?"

शेजारी बसलेले जरा लांब सरकले. विजेचा बाद!

गुरुजींनी छपरावर उन्हाचा बंब बसवलेला. काचेच्या नळ्या, वर टाकी, ऐटीत! गुरुजी म्हणाले, "सूर्याची देणगी आहे, अण्णा."

"ते खरं, पण आषाढात तुमचा सूर्य कुठे असतो?"

"ढगामागे."

"म्हणजे गाडी डेपोत! बाद!"

मग कुणी गॅसचा सुचवला. अण्णांनी आपली न्हाणी डोळ्यापुढे आणली — एक दार, खिडकी नाही. म्हणाले, "नको. वारा खेळत नाही तिथे गॅसचा जाळ लावला, तर आत गेलेला माणूस आतच झोपायचा." हे मात्र अण्णांचं बरोबर! ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या घरी तसला असेल, त्यांनी उद्या न्हाणीचा झरोका मोकळा आहे का ते बघा. आख्यान राहू द्या बाजूला, हे आधी!

अण्णांनी गुरवाला विचारलं. पोस्टमनला विचारलं. धुक्याचे फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांना गाठून विचारलं — "तुमच्याकडे पाणी कसं तापतं?" ती मंडळी घाबरून गाडीत बसली!

आणि काकू? काकू पडवीत लसूण सोलत होत्या. हे सगळं त्यांच्या समोर चाललेलं. एकदा मुद्दाम खाकरल्या. एकदा भांडं आपटलं. शेवटी म्हणाल्याच, "अहो, माझं जरा ऐकता का?"

"थांब गं! बंबाचं चाललंय!"

आहे की नाही कमाल! आणि तोवर पाणी? पाणी गॅसच्या शेगडीवर पातेल्यात तापायचं, आणि ते जड, वाफाळतं पातेलं स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत उचलून न्यायचं कुणी? काकूंनी! खोडी केली स्वतःच, आणि भार आला स्वतःच्याच कमरेवर. देव खोडीला हसतो, पण सूट देत नाही!

अखेर एक दिवस टेम्पोचा हॉर्न वाजला. काकू बाहेर आल्या. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसलेले, मागे दोरांनी बांधलेला, झेंडूचा हार घातलेला... बंब! नवा कोरा. लाकडाचाच! जुन्याच्या दुप्पट! लग्नाच्या पंगतीला पाणी पुरेल एवढा!

घाटाखालचे इकबालशेठ, भांड्यांचे आणि बंबांचे जुने व्यापारी, जातीनं बसवायला आले होते. अण्णा छाती काढून म्हणाले, "सगळं बघितलं, आणि परत इथेच आलो. वीज नको, सूर्य नको. कशावर अवलंबून नाही हा!"

इकबालशेठनी सहज विचारलं, "मोठा आहे, अण्णा. चालवणार कोण?"

"चालवायचंय काय त्यात? बंब तापतो!"

काकूंनी त्या हार घातलेल्या डोंगराकडे बघितलं. एवढ्या मोठ्या पोटाला जाळ केवढा लागणार, ते त्यांच्या छातीला आधी कळलं. इकबालशेठना चहा दिला आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांना हसू आलं नाही.

तरी पेटवला हो दुसऱ्या दिवसापासून! सवय वाईट. स्वतःच्या छातीसाठी बाई अडून बसत नाही. एरवी हे असंच चाललं असतं, आणि मी आज इथे वेगळं आख्यान लावलं असतं. पण त्याच पंधरवड्यात त्यांची लेक वैजू बाळंतपणानंतर माहेरी आली. कुशीत तिची लेक. इवलीशी, गुलाबी, मूठ आवळलेली. न्हाऊमाखू घालायचं, शेक द्यायचा, म्हणजे गरम पाणी भरपूर आणि खोली उबदार हवी. अण्णा खूष! "बघ, मोठा आणला ते बरं झालं की नाही?"

एका सकाळी काकूंनी बंब पेटवला. धूर मागच्या खोलीतून सरकत सरकत वैजूच्या खोलीत गेला. आणि पाळण्यातून आवाज आला. शिंक. मग दुसरी. मग बारीकसा खोकला. पाखरू खोकावं, तसा.

फुंकणी काकूंच्या हातात तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्यांना. नवऱ्याला सांगून झालं होतं. पण त्या एवढ्याशा खोकल्यानं जे सांगितलं, ते कुणीच सांगितलं नव्हतं. काकूंनी जळती लाकडं ओढून बाहेर अंगणात नेली, पाणी ओतलं, फुंकणी फळीवर ठेवली. आणि बऱ्याच दिवसांनी डोळ्यातली ती झाक परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजूचं पाणी शेगडीवर तापलं. बाळाचं तापलं. काकूंनी स्वतःचीही अंघोळ उरकली! आणि गोधडी घेऊन नातीशेजारी आडव्या झाल्या.

सूर्यनारायण आले. पाठोपाठ अण्णा आले. टॉवेल खांद्यावर, तोंडात गंगास्तोत्र. तोटी सोडली, बादली भरली, डोळे मिटले, "हर हर गंगे" म्हणत तांब्या डोक्यावर रिता केला—

आईऽऽऽ गंऽऽऽ!

मंडळी, गंगा ती खरीच होती. पण हिमालयातून नुकतीच निघालेली! सगळं गारखिंड जागं झालं. कुत्री भुंकली. देवळातला गुरव घंटा सोडून धावला. त्याला वाटलं, वाघरू शिरलं!

अण्णा टॉवेल गुंडाळून, कुडकुडत, फोनवर! "इकबालशेठ! तुमचा बंब बंद पडला! भरवशाचा म्हणून घेतला, आणि महिना नाही झाला तोवर फेल? आत्ताच्या आत्ता या!"

तो व्यापारी खरा. त्या धुक्यात, स्कूटरवर, अवजारांची पिशवी घेऊन घाट चढून आला. तोवर अर्धं गाव अंगणात. सरपंच आले — गिझरवाल्यांना अशा वेळी फार उत्साह असतो!

इकबालशेठनी तोटी बघितली, ठीक. टाकी बघितली, ठीक. वाकून नळकांड्यात बॅटरीचा झोत टाकला. बराच वेळ बघत राहिले. मग सावकाश मान वर केली.

"अण्णा, ह्यात लाकूड नाही."

"असं कसं? असेल की."

"नाही. राखसुद्धा गार आहे. आज कुणी घातलंच नाही."

आणि अण्णा काय म्हणाले, ऐका! नीट ऐका! म्हणाले,

"घालायचं कशाला? घातलेलं असतं!"

अंगणात जे हसू फुटलं!

पण मंडळी, हसू नका. 'घातलेलं असतं!' काय क्रियापद आहे! लाकूड घातलेलं असतं. चहा झालेला असतो. कपडे धुतलेले असतात. डबा भरलेला असतो. केलं कुणी? शाळेत विचारायचे ना, वाक्यातला कर्ता ओळखा? आपल्या घरातल्या वाक्यांना कर्ताच नाही! क्रिया आहे, कर्म आहे, टॉवेल खांद्यावर टाकलेला उपभोक्ता आहे — कर्ता मात्र धुरात!

इकबालशेठनी पिशवीची चेन लावली. एवढंच म्हणाले, "अण्णा, बिघाड बंबात नाही."

अण्णांचा चेहरा लाल झाला. दारात काकू उभ्या होत्या, नात खांद्यावर.

"त्यात काय एवढं!" अण्णा म्हणाले. "मी पेटवतो! बाजूला व्हा सगळे!"

आत गेले. दार लावून घेतलं. मोठाली ओलीकच्च लाकडं नळकांड्यात कोंबली. काडी, दुसरी काडी, कागद. कागद जळाला, लाकूड नाही. फुंकणीनं फुंकायला गेले, ती उलटी धरलेली! राख तोंडावर! मग धरला एकदाचा. जाळ नव्हे, धूर! पिवळा, जाड, ओला धूर. डोळे गेले. घसा गेला. आणि अण्णांना खोकला आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. भिंतीला हात टेकून वाकून खोकायला लागले—

आणि खोकता खोकता थबकले.

हा आवाज ओळखीचा होता. असाच, असाच वाकून, अडकत अडकत येणारा खोकला. भिंतीपलीकडून रोज पहाटे ऐकलेला. गोधडीत पडल्या पडल्या. इतकी वर्षं! तो आवाज ऐकून अण्णा कूस बदलायचे, आणि मनात काय म्हणायचे ठाऊक आहे?

'चला. पाणी तापायला लागलं.'

धुरात बसून अण्णांना ते आठवलं. बायकोच्या खोकल्याला त्यांनी घड्याळाचा गजर केला होता.

बाहेर मंडळी वाट बघत होती. दार उघडलं. अण्णा बाहेर आले — मिशा काळ्या, पापण्या पांढऱ्या, डोळ्यातून पाणी. सगळे परत हसले. अण्णा चिडले नाहीत. सरळ काकूंच्या पुढ्यात आले आणि पायरीवर बसले. उभं राहवेना म्हणून म्हणा, की आणखी कशानं म्हणा.

"द्वारका," ते म्हणाले. चारचौघांत नाव कधी घेतलं नव्हतं त्यांनी. 'अगं' म्हटलं की काम भागायचं. "तुला कोणता पाहिजे होता गं?"

काकूंना वाटलं होतं, हा प्रश्न आला की आपण झरझर सांगू. बिनधुराचा, छोटा, हलका... सगळं पाठ होतं. पण आला तेव्हा पाठ केलेलं बाजूलाच राहिलं. नातीला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या,

"मला असा पाहिजे, जो तुम्हाला पेटवता येईल."

वा! मृदुंगमहाराज, इथे एक थाप द्या! बाई धूर नको म्हणाली नाही, बटण पाहिजे म्हणाली नाही. बंब पेटवणारा हात बदला म्हणाली!

इकबालशेठ निघाले होते, काकूंनी थांबवलं. "शेठ, ह्याचा धूर घरात का राहतो?"

"काकू, हा उघड्या तोंडाचा. दुसरा एक येतो — तोंडाला घट्ट झाकण, आणि मागून नळी थेट छपराबाहेर. धूर वर जातो, ऊब खोलीत राहते. लहान आहे, लाकूड निम्मं लागतं. मी अण्णांना दाखवला होता. ते म्हणाले, दिसायला बारका आहे!"

अण्णांनी पायरीकडे बघितलं.

काकूंनी विचारलं, "नळी आतून साफ करता येते? काजळी धरली तर?"

"खालून टोपण निघतं. महिन्याकाठी ब्रश फिरवायचा."

"आणि बिघडला तर?"

"आजच्यासारखा घाट चढून येईन की!"

"मग हा घेऊन जा, आणि तो आणा," काकू म्हणाल्या. झालं! सगळं गाव पालथं घालून जो ठरला नव्हता, तो अंगणात उभ्या उभ्या ठरला! कारण पहिल्यांदा त्याबद्दल अशा माणसाला विचारलं गेलं, जे रोज त्याच्यासमोर बसत होतं.

गर्दी पांगली. मग काकू हळूच म्हणाल्या, "अहो... एक राहिलं सांगायचं. जुना बंब मेला नव्हता. नुसती तोटी गळत होती. केशवला मान हलवायला मी सांगितलं."

अण्णा बघतच राहिले. राखेच्या तोंडानं. आणि मग असे हसले, असे हसले, की परत खोकला लागला. आणि ह्या खेपेला पाणी आणून देणारं माणूस कोण, ते त्यांनी मान वर करून बघितलं.

नवा छोटा बंब बसला. पेटवायचे अण्णा. पहिले काही दिवस काकूंना झोप लागेना. हात शिवशिवायचे. मागच्या खोलीत लाकडं पडल्याचा धडाड आवाज, मग अण्णांचं "अरे देवा", मग काडीपेटी शोधणं... काकू गोधडी तोंडावर ओढून ऐकत पडायच्या. उठायच्या नाहीत! ते त्यांना सगळ्यात जड गेलं.

पुढच्या थंडीत डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. शिट्टी होती. पुरती गेली नव्हती. इतक्या वर्षांचा धूर असा सुटत नाही. पण वाढली नव्हती. बाई म्हणाल्या, "काकू, काय केलंत?" काकू म्हणाल्या, "बंब बदलला." आणि शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, "खरं सांगते की. बंबच बदलला. तो मी!"

हसलात? हसा, हसा. गोष्ट संपली. आता तुमची पाळी.

मंडळी, गेला तासभर तुम्ही नाक वर करून बसलायत, मला दिसत नाही असं समजू नका. मांडवामागून आमटीचा वास येतोय. भात उतरलाय, वाफ इथवर आली. महाप्रसाद शिजतोय. बरोबर?

कोण शिजवतंय?

...सांगा की! काय म्हणालात? "बायका!" बायका काय, आडनाव आहे का ते? नाव सांगा! मोठ्या पातेल्यापाशी कोण उभं आहे? चुलीत फुंकतंय कोण? कोपऱ्यात, ते निळ्या शर्टवाले, हात वर केलात, शाबास! कोण आहे?

काय? "आमची आई आहे बहुतेक."

बहुतेक!

माउली, हे 'बहुतेक' घेऊन मी देवापुढे आरतीला कसा उभा राहू? तो विचारील, माझ्या नैवेद्याला हात कुणाचा लागला? मी काय सांगू, शिजलेला होता महाराज?

नाही. आरती थांबली. उठा, सगळे उठा! फेटेवाले, आधी तुम्ही! मांडवामागे जा. एकेकीच्या समोर उभे राहा, तोंड बघा, नाव विचारा, आणि हातातला डाव घ्या. त्यांना इथे पुढे आणून बसवा, ह्या सतरंजीवर. आज पहिली पंगत त्यांची. वाढायला आपण. मीही पदर खोचतो... म्हणजे उपरणं!

आणि वाढताना एखादीनं विचारलं, मीठ बरोबर आहे का — तर 'असतं' म्हणू नका. 'तू घातलंस, बरोबर घातलंस' म्हणा. मग या, आणि मग हरीचं नाव घेऊ.

चला, चला, उठा! आमटी लागेल खाली!